न्हाणीघरातला आरसा निवडताना



या पत्रिकेत आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय घरातला आहे. उसाचे बिल हाती आले, की आपल्याकडे बांधकामे निघतात. अंगणाच्या कोपऱ्यात तट्ट्याच्या आडोशाला असलेली न्हाणी जाते आणि तिच्या जागी फरशीची, नळाची, आतून कडी लागणारी न्हाणी उभी राहते. घरच्या लेकी-सुनांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. घरधनी गवंड्याशी बोलतो, नळवाल्याशी घासाघीस करतो, फरशीचा रंग पसंत करायला सारे कुटुंब घेऊन गोंदियाला जातो. आरसा मात्र शेवटच्या दिवशी, भाजीच्या पिशवीतून येतो. मिस्त्री विचारतो, "कुठं ठोकू भाऊ?" उत्तर मिळते, "ठोक तिथंच कुठंतरी."

मग दोन-तीन पावसाळे जातात. आरशाच्या खालच्या कडेला काळे डाग पडतात, ते वर चढत जातात, आणि एक दिवस दाढी करताना अर्धा गाल डागातच जातो. नवा आरसा येतो, तोही तसाच जातो.

"आरसा तर आरसा, त्यात काऊन एवढं पाहायचं?" असे कोणी म्हणेल. पाहायचे अशासाठी, की यात पैसा जातो, ओल्या फरशीवर काच फुटली तर पाय कापतो, आणि तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. घरातल्या माणसाला आपले तोंड आतून नीट पाहता येईल अशी जागा बहुतेक घरांत एकच असते, ती म्हणजे हा आरसा. आपल्या भागात त्याची गरज किती आहे ते पुढे सांगतोच.

आधी आरसा म्हणजे काय ते समजून घेऊ, म्हणजे तो खराब का होतो ते कळेल. यात आपल्या साखरेचाही संबंध आहे.

आरशात चेहरा दाखवते ती काच नव्हे, तर काचेच्या पाठीवर चढवलेली चांदी. ही चांदी इतकी पातळ असते, की एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला सुमारे एक भाग भरेल. जुन्या काळी कथील आणि पारा यांचा लेप देत. त्याच्या वाफेने कारागिरांना विषबाधा होई. १८३५ साली लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले, की चांदीच्या क्षाराच्या द्रावणात विशिष्ट पदार्थ मिसळला, तर चांदी वेगळी होऊन काचेवर चकचकीत थराने बसते. हाच धागा धरून पुढे पाऱ्याचा आरसा मागे पडला आणि चांदीचा आला. चांदी अशी वेगळी काढण्यासाठी ग्लुकोज चालते आणि उसाची साखरही चालते. मात्र साखर आहे तशी घालून भागत नाही. आधी ती आम्लासोबत तापवून फोडावी लागते, म्हणजे तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. तोडलेला ऊस दोन-चार दिवस उन्हात पडून राहिला की त्यात हेच घडते. साखर फुटते, उतारा पडतो आणि शेतकी विभागाचे लोक "ताजा ऊस द्या" म्हणून मागे लागतात. आपल्या कारखान्यात जी फुटलेली साखर नुकसान करते, ती आरसेवाल्याच्या कामी येते.

या चांदीवर बहुतेक तांब्याचा थर देतात आणि त्यावर रंगाचे एक-दोन हात. अलीकडे तांब्याविनाही चांगले आरसे निघतात. समोरून काच चांदीला सांभाळते आणि मागून रंग. चांदी उघडी राहते ती फक्त कडेला, जिथे काच कापलेली असते. ओल शिरते ती तिथूनच. आपला जिल्हा धानाचा आणि तळ्यांचा. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते, त्यात न्हाणीघराची वाफ मिसळते. पाण्याचा थेंब आरशावरून ओघळून खालच्या कडेला थांबतो, म्हणून डाग नेहमी खालून सुरू होतो. ज्यांच्याकडे संडास आणि न्हाणी एकाच खोलीत आहे, तिथे आणखी एक वैरी असतो, तो म्हणजे संडास धुण्याचे ॲसिड. त्याची वाफ, तशीच ब्लीचिंग पावडरची वाफ, चांदीच्या आणि तांब्याच्या मुळावर येते. बाटली आरशाखालच्या फळीवर ठेवू नये, आणि ॲसिड व ब्लीचिंग एकत्र तर कधीच करू नये. त्यातून निघणारा वायू आरशाचे सोडा, माणसाच्या फुप्फुसाचे नुकसान करतो.

आता दुकानात काय पाहायचे ते सांगतो.

पहिला प्रश्न जाडीचा. आठवडी बाजारातल्या प्लास्टिकच्या चौकटीतला आरसा दोन मिलिमीटरच्या आसपास असतो. तो अंगणात खुंटीला अडकवायला ठीक आहे, न्हाणीघरात मोठ्या मापाचा घेऊ नये. भिंतीवर कायमचा बसवायचा आरसा चार मिलिमीटरपेक्षा कमी नको, मोठा असेल तर पाच घ्यावा. सुताराच्या भाषेत चार मिलिमीटर म्हणजे सूतभर आणि वर थोडे, पाच म्हणजे दीड सूत. दुकानदार "चारचाच आहे" म्हणतो आणि चौकटीमुळे कड दिसत नाही, अशा वेळी एक सोपी परीक्षा आहे. पेनाचे टोक काचेला टेकवा आणि थोडे तिरके पाहा. टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांमध्ये फट दिसेल. ती फट म्हणजे काचेच्या जाडीच्या साधारण सव्वा ते दीडपट. चारच्या काचेत पाच मिलिमीटरच्या आसपास दिसते, दोनच्या काचेत त्याच्या निम्मी. मोजायला पट्टी लागत नाही, दोन आरसे शेजारी ठेवून पाहिले की डोळ्याला फरक कळतो.

दुसरी परीक्षा सपाटपणाची. पूर्वी काच भट्टीतून ओढून काढत, म्हणून तिच्यात लाटा असत. जुन्या आरशात तोंड वाकडे दिसे ते यामुळे. १९५९ साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली. आज चांगला आरसा त्याच फ्लोट काचेचा असतो. दुकानात आरशापासून चार-पाच पावले मागे या, दाराची उभी चौकट त्यात दिसेल असे उभे राहा आणि डोके हळू डावी-उजवीकडे हलवा. चौकटीची रेघ नागासारखी वळवळली, तर तो आरसा परत ठेवा. चेहऱ्याजवळ धरून हे कळत नाही, आणि दुकानदार नेमका चेहऱ्याजवळच धरतो.

मग आरसा उलटा करून पाठ पाहा. रंगावर ओरखडा, टवका किंवा फोड असेल, तर ओल आत शिरायला वाट तयारच आहे. कड घासून गुळगुळीत केलेली असावी. काही स्वस्त आरशांत चांदीऐवजी ॲल्युमिनियम असते. ते फसवणूक नव्हे, पण उजेड थोडा कमी परततो, तेव्हा भाव करताना विचारून घ्यावे. चौकट लाकडाची असेल तर पावसाळ्यात फुगते, लोखंडाची गंजते. न्हाणीघरात ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची बरी. बिनचौकटीचाही चालतो, पण मग कडेची काळजी आपण घ्यायची. बसवण्याआधी आरसा उलटा ठेवून चारही कडांना ऑइल पेंटचा किंवा वॉर्निशचा बारीक हात द्यावा, आणि पक्का वाळू द्यावा. नखांना लावायचे बिनरंगी पॉलिशही चालते. या कामाला अर्धा तास लागतो, आरसा मात्र काही वर्षे जास्त टिकतो. खर्चाच्या मानाने एवढा फायदा देणारी दुसरी युक्ती आम्हाला ठाऊक नाही.

शक्य असल्यास पाठीवर चिकटपट्टीसारखा जाड पडदा लावलेला आरसा मागावा. काचवाले त्याला सेफ्टी बॅक म्हणतात. तो फुटला तरी तुकडे पडद्याला धरून राहतात. फुटका आरसा अशुभ असे घरोघरी म्हणतात. आमच्या मते त्यामागे अनवाणी पायांना जपण्याचा शहाणपणा असावा.

मापाचे बोलू. पुष्कळांना वाटते, की मागे सरकले की आरशात जास्त अंग दिसेल. तसे होत नाही. सपाट आरशात स्वतःला पूर्ण पाहायला आपल्या उंचीच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, आणि तो योग्य उंचीवर असावा लागतो. मग तुम्ही हातभर दूर असा की दहा हात. न्हाणीघरात डोक्यापासून कमरेपर्यंत दिसले म्हणजे झाले. अडचण वेगळीच असते. घरात साडेपाच फुटांचा कर्ता, पाच फुटांची घरधनीण आणि चार फुटांचे पोर असते. मिस्त्री आरसा स्वतःच्या तोंडासमोर धरून खूण करतो. खालची कड जमिनीपासून चार फुटांवर गेली, की चार फुटांच्या पोराला आपला चेहराच दिसत नाही. मग ते बादली उपडी करून तिच्यावर चढते, ओल्या फरशीवर. खालची कड साडेतीन फुटांवर आणि वरची सहा फुटांवर ठेवली, तर सगळ्यांचे भागते. म्हणजे अडीच फूट उंच आणि दीड फूट रुंद आरसा घ्यावा, उभा लावावा. चारच्या काचेत तो साडेतीन किलोंच्या आसपास भरतो, हे वजन ध्यानात असू द्या. घरचे म्हातारे पाटावर बसून दाढी करत असतील, तर त्यांच्यासाठी खाली एक लहान आरसा वेगळा अडकवावा. त्यांना मान वर करायला लावू नये.

आता जागा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. लोक आरसा खिडकीच्या किंवा झरोक्याच्या समोरच्या भिंतीवर लावतात. "उजेड आरशावर पडला पाहिजे" असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. उजेड आरशावर पडून उपयोग नाही, आपल्या तोंडावर पडला पाहिजे. खिडकी पाठीशी राहिली, तर तोंड अंधारात जाते आणि आरशात नुसती काळी सावली दिसते. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल अशा भिंतीवर आरसा लावा, म्हणजे सकाळचा उजेड गालावर येईल. दिव्याचेही तसेच. आढ्याचा बल्ब डोक्यावरून खाली पडतो, कपाळ उजळते, डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली अंधार राहतो. आरशाच्या वरच्या कडेशी, किंवा त्याहून बरे म्हणजे बाजूला, तोंडाच्या उंचीवर दिवा घ्यावा. बटण न्हाणीच्या बाहेर असावे, दिव्यावर पाणी उडू नये, आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले असावे. हल्ली आतून दिवे असलेले आरसे मिळतात. घ्यायचेच असतील तर निदान आयपी ४४ ही खूण पाहून घ्यावेत. पण ते बिघडले की दुरुस्तीला तालुक्याला न्यावे लागतात. साधा आरसा आणि वेगळा दिवा हे आम्हाला जास्त पटते.

उजेडावर एवढा जोर देण्याचे कारण आता सांगतो. आपल्या पूर्व विदर्भात खर्रा किती खाल्ला जातो हे सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी ऊसतोडीच्या फडातही असते आणि लग्नाच्या मांडवातही. छत्तीसगडच्या सीमेकडे बायामाणसांत गुडाखू आहे, त्यात तर आपलाच गूळ असतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, खर्‍याची सवय काही गेली नाही. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात उशिरा जातो. दुखत नसले तरी तो दिसू मात्र शकतो, आणि दिसायला चांगला आरसा व चांगला उजेड लागतो.

महिन्यातून एकदा, ऊस बिलाच्या तारखेला म्हणा, चूळ भरून आरशासमोर उभे राहावे. कवळी असेल तर काढावी. ओठ उलटून आतून पाहावे. बोटाने गाल बाजूला ओढून दोन्ही गालांची आतली बाजू पाहावी, जिथे खर्रा दाबून ठेवतो ती जागा विशेष करून. जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, मग जीभ टाळूला लावून खालचा भाग, शेवटी टाळू. आत अंधार वाटला तर मोबाइलची बॅटरी गालाजवळ धरावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ किंवा कडकपणा आढळला, तर दंतवैद्याला दाखवावे. तोंडात आपलीच तीन बोटे उभी घालून पाहावीत. ती जात नसतील, तर सुपारीने तोंडाची आतली कातडी आवळत चालल्याची ती खूण असू शकते. घाबरून घरी बसू नये, प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो. ते ठरवणे डॉक्टरांचे काम, पाहणे आपले. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. आणि एवढे पाहिल्यावर त्या दिवशी पुडी सोडली तर उत्तमच.

खालची पापणी ओढून ती फिकट आहे का, डोळ्यांत पिवळेपणा आहे का, हेही त्याच उजेडात दिसते. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलची कुटुंबे आहेत, त्यांना याचे महत्त्व सांगणे नको.

याच कामासाठी काही जण दाढीचा मोठे दाखवणारा आरसा घेतात. तो अंतर्गोल असतो, जवळून तोंड मोठे दिसते, वय झालेल्यांना उपयोगी पडतो. पण तो उन्हात उघडा ठेवू नये. भिंगासारखा तोही ऊन एका ठिकाणी गोळा करतो, आणि परसात वाळलेले पाचट पडलेले असेल तर ते पेटायला वेळ लागत नाही. वापर झाला की पालथा घालावा.

बसवताना. सिमेंटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गुट्टी घालावी आणि पितळेचे किंवा स्टीलचे स्क्रू वापरावेत. स्क्रू आणि काच यांमध्ये रबराचा वायसर हवाच. शेवटचा अर्धा पीळ जोराने दिला की काच तडकते, आणि मिस्त्री म्हणतो काचच खराब होती. मातीच्या भिंतीत साडेतीन किलोंचे वजन खिळ्यावर टिकत नाही. तिथे लाकडाची फळी भिंतीत पक्की करून तिच्यावर आरसा घ्यावा. आरसा भिंतीला चिकटून नको, मागे दोन-तीन मिलिमीटर हवा खेळू द्यावी. सिलिकॉनने चिकटवायचा असेल तर ज्याला सिरक्यासारखा आंबट वास येतो ते घेऊ नये. त्यातले आम्ल मागून चांदी खाते. दुकानात "न्यूट्रल" म्हणून मागावे.

पुसण्याबाबत थोडेच सांगायचे आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पडले तर लिंबाच्या पाण्याने ओला केलेला फडका फिरवावा, कडेला लागू देऊ नये, लगेच साध्या पाण्याने पुसून कोरडा करावा. पाणी आरशावर मारू नये, फडक्यावर घ्यावे. पौष-माघात आपल्याकडे पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा गरम पाण्याच्या वाफेने आरसा धुरकटतो. कोरड्या आरशावर साबणाचा पुसट हात फिरवून कोरड्या कापडाने चकचकीत केला, तर एक-दोन दिवस धुके धरत नाही. झरोका उघडा ठेवणे हा त्याहून पक्का उपाय.

आरसा घरी आणताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा टाकू नये. आडवी काच खड्ड्यात मधोमध वाकते आणि फुटते. खाली पाचटाची किंवा तणसाची गादी करावी, आरसा उभा ठेवावा, दोन्ही बाजूंनी गोणपाट लावून दोरीने आवळावा. मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर आरसा देऊन देवरीहून किंवा सडक अर्जुनीहून गावापर्यंत नेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वाऱ्याने काच शिडासारखी ओढते आणि पुढचा तोल जातो. त्यापेक्षा काचवाल्याला दोन पैसे जास्त देऊन त्याच्या गाडीने पोचवून घ्यावा, आणि उतरवून घेताना कागद सोडून चारही कोपरे बघितल्याशिवाय पावतीवर सही करू नये.